फॉन्ट काढला तर काय उरतं? मराठी वेबपानांचा छोटा इतिहास



मागच्या महिन्यात माझा रूममेट लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला. तो अर्थशास्त्रात पीएचडी करतोय. विषय आहे १९७२ चा दुष्काळ आणि मराठवाड्यातलं स्थलांतर. सिनॉप्सिसमध्ये त्याने एक वाक्य लिहिलं होतं, जे आपण सगळेच लिहितो: ‘या विषयावर मराठीत संशोधन झाल्याचे आढळत नाही.’ गाइडनी ते वाचलं, काही न बोलता कपाट उघडलं आणि जवळपास त्याच विषयावरचा एक जुना मराठी प्रबंध त्याच्यासमोर ठेवला.

खरी गंमत पुढे आहे. त्या प्रबंधाची पीडीएफ त्याच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून होती! ऑनलाइन भांडारातून शंभरेक फाइली उतरवून त्याने ‘दुष्काळ’ आणि ‘स्थलांतर’ हे शब्द सर्च केले होते. या फाइलमध्ये निकाल आला शून्य, म्हणून ती बाजूला पडली. मी फाइल उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘दुष्काळ’ दिसत होता. तो शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर तिथे रोमन अक्षरं, त्यांच्यावर टिंबं आणि टोप्या, मध्येच एखादं विचित्र चिन्ह. देवनागरीचं नाव नाही.

म्हणजे फाइलमध्ये ‘दुष्काळ’ हा शब्द नव्हताच. त्या शब्दाचं फक्त चित्र होतं.

हे असं का झालं, याचं उत्तर वेब डिझाइनच्या इतिहासात आहे. मी विज्ञान शाखेचा, एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून संशोधनात आलेला. तुमच्यापैकी बरेच जण भाषा, इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांतले आहात. तरी हा लेख तुमच्यासाठी जास्त आहे, कारण सीएसएस आणि ब्राउझर हे शब्द तांत्रिक वाटले तरी त्यांच्यामुळे काय सापडतं आणि काय सापडत नाही याचा हिशोब तुमच्या प्रबंधात येणार आहे.

मजकूर वेगळा, रूप वेगळं

१० ऑक्टोबर १९९४ रोजी हॉकोन व्यूम ली या नॉर्वेजियन संशोधकाने सर्नमध्ये काम करत असताना एक प्रस्ताव मांडला. वेबपानाचा मजकूर एका जागी ठेवायचा आणि तो कसा दिसावा याचे नियम दुसऱ्या जागी. या नियमांना नाव मिळालं कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, म्हणजे आपलं सीएसएस. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी अधिकृत केली.

कल्पना साधी आहे. मजकूर म्हणजे माणूस आणि सीएसएस म्हणजे त्याचे कपडे. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही. इंग्रजी पानावर टाइम्सच्या जागी एरियल फॉन्ट लावा, रंग बदला, आकार बदला, ‘फॅमिन’ या शब्दातली अक्षरं तीच राहतात. सर्चला सापडतात, कॉपी होतात, वीस वर्षांनीही वाचता येतात.

आता हाच प्रयोग १९९८ मधल्या एखाद्या मराठी पानावर करा. फॉन्ट काढा. माणूसच गायब! तिथे कपडे आणि माणूस एकत्र शिवलेले होते. मराठी वेबचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही शिवण उसवण्याचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

तेव्हाचे लोक चुकले का?

पटकन तसं म्हणावंसं वाटतं, पण थांबा. मजकूर आणि रूप वेगळं ठेवण्याची समज आपल्याकडे सीएसएसच्याही आधीपासून होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केली. त्यात अक्षराला क्रमांक होता, आकाराला नव्हता. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. तो पडद्यावर कसा काढायचा ही यंत्राची जबाबदारी. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलेलं जिस्ट तंत्रज्ञान हेच करत होतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यातला देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेला आहे.

मग घोडं अडलं कुठे? ते अडलं छपाईच्या टेबलावर. नव्वदच्या दशकात मराठी मजकूर टाइप व्हायचा तो डीटीपीसाठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सी-डॅकची सॉफ्टवेअर घराघरांत नाही, पण छापखान्या-छापखान्यांत होती. पानं लावायची पेजमेकरसारख्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याला देवनागरी कळत नव्हती. त्याला फक्त फॉन्ट कळायचा. एका फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा. मग युक्ती अशी झाली की रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. सॉफ्टवेअरला वाटायचं आपण काहीतरी युरोपीय भाषा छापतोय, आणि कागदावर उमटायची मराठी.

हे तुकडे कसे असत ते नीट समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. काही फॉन्टांमध्ये ‘म’ हे एक अक्षर नव्हतंच. अर्धा म् एका जागी आणि त्याची उभी दांडी दुसऱ्या जागी. आणि काना? तोही त्याच दांडीचा तुकडा. म्हणजे ‘म’ मध्ये एक दांडी आणि ‘मा’ मध्ये दोन. ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप व्हायची, व्यंजन नंतर, कारण डोळ्याला ती आधी दिसते. ‘अर्क’मधला रफार मात्र क च्या नंतर. युनिकोडमध्ये याच्या बरोबर उलटं आहे. तिथे उच्चाराचा क्रम चालतो: आधी क, मग वेलांटी. आधी र आणि हलन्त, मग क.

शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका कंपनीच्या फॉन्टमधला ‘ठ’ दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी. कागदावर छापायचं असेल तर याने काही बिघडत नाही, कारण कागद सर्च करत नाही. त्या काळातल्या कंपोझिटरने अंक वेळेवर काढला, त्याचं काम झालं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण तेव्हा झाली जेव्हा हाच मजकूर, आहे तसा, वेबवर चढला.

एकच सोय, दोन ब्राउझर

सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांच्या माथ्यावर एक सूचना असायची: मराठी दिसत नसेल तर फॉन्ट उतरवून घ्या. फॉन्ट उतरवायचा, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकायचा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा. नेट कॅफेत बसलेल्या माणसाने तासाच्या पैशांत हे किती वेळा करावं?

१९९७ मध्ये यावर तोडगा निघाला. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत पानासोबत फॉन्ट आपोआप पाठवायची सोय आली, त्याच्या फाइलचा प्रकार ईओटी. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीतही अशीच सोय होती, पण तंत्रज्ञान वेगळं, बिटस्ट्रीम कंपनीचं ट्रूडॉक. १२ मे १९९८ रोजी सीएसएसची दुसरी आवृत्ती अधिकृत झाली आणि त्यात ‘फॉन्ट-फेस’ हा नियम आला. त्याचा अर्थ असा की पान बनवणाऱ्याने सांगायचं, ‘हा फॉन्ट इथून आणून वापर.’ आपल्याकडे याला ‘डायनॅमिक फॉन्ट’ म्हणायचे.

मराठी वाचकांची मोठी सोय झाली. पान उघडलं की मराठी दिसायची, काही उतरवायला नको. पण पडद्यामागे काय होतं? मजकूर अजूनही ते विचित्र रोमन तुकडेच होते. फॉन्ट आपोआप येऊ लागल्यामुळे ते फक्त झाकले गेले. आधी निदान पान बिघडलेलं दिसायचं आणि काहीतरी चुकतंय हे कळायचं. आता सगळं छान दिसू लागलं, त्यामुळे मजकूर बदलायची घाई कोणालाच राहिली नाही.

पुढे फायरफॉक्स आला. त्याला ईओटीही चालत नव्हतं आणि ट्रूडॉकही नाही. तीच पानं त्यात अगम्य दिसू लागली. तेव्हा ‘पद्म’ नावाचं एक एक्स्टेंशन फायरफॉक्ससाठी आलं. सुरुवात तेलुगूपासून झाली, मग इतर लिप्याही आल्या. पान उघडताना ते जुन्या फॉन्टमधला मजकूर ओळखून युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. विचार करा, आपल्याच वर्तमानपत्राचं पान वाचायला दुभाषा लागत होता.

युनिकोड आलं, पण टिकमार्क करून

युनिकोडमध्ये मजकूर ठेवायचा तर ब्राउझरला जोडाक्षर घडवता आलं पाहिजे. क, हलन्त, ष असे तीन क्रमांक मिळाले की ‘क्ष’ काढणं, वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे सरकवणं, रफार डोक्यावर चढवणं. या कामाला शेपिंग म्हणतात आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात: नियम असलेला फॉन्ट आणि ते नियम वाचणारं इंजिन. विंडोज ९८ च्या घरगुती यंत्रात देवनागरीसाठी मुळात हे नव्हतं. विंडोज २००० सोबत ते आलं आणि त्याबरोबर आला ‘मंगल’ हा फॉन्ट, आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आज ‘मंगल’ला नावं ठेवायची फॅशन आहे, पण तो नसता तर पुढचं काहीच सुरू झालं नसतं.

विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत टिकमार्क करायचा, मग यंत्र विंडोजची सीडी मागायचं. सीडी कोणाकडे असायची? म्हणूनच १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये सुरू झाला याचं मला फार कौतुक वाटतं. तेव्हा तो वाचू शकणारी यंत्रं थोडी होती. पण त्या दिवसांत लिहिलेला मजकूर आज जशाच्या तसा सापडतो. त्याच काळातली सुंदर दिसणारी डायनॅमिक फॉन्टची पानं मात्र सर्चला सापडत नाहीत.

मोबाइलवर हेच नाटक पुन्हा झालं. मी शाळेत असताना घरातल्या साध्या फोनवर ऑपेरा मिनी होतं. मराठी पान उघडलं की चौकोन. मग कोणीतरी एक गुपित सांगितलं: सेटिंगच्या पानावर जायचं आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा’ हे चालू करायचं. त्यानंतर ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. आम्हाला जादू वाटायची. आज वाटतं, बघा, पुन्हा चित्रच. पण इथे एक मोठा फरक होता. मूळ पानावर मजकूर खरा होता, चित्र फक्त माझ्या फोनपुरतं होतं. फोन बदलला की चित्राची गरज संपली. २०११ मध्ये अँड्रॉइड ४ आलं, त्यात देवनागरी नीट दिसू लागली.

तोच नियम, दुसरा जन्म

आता ‘फॉन्ट-फेस’कडे परत येऊ. सीएसएसच्या २.१ आवृत्तीतून हा नियम चक्क वगळला गेला होता. मार्च २००८ मध्ये सफारी ३.१ ने साध्या ट्रूटाइप फाइलसाठी तो परत आणला. जून २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५, आणि २०१० च्या सुरुवातीला क्रोम. सगळ्यांनी मान्य केलेला वॉफ हा फाइल-प्रकार डिसेंबर २०१२ मध्ये अधिकृत झाला, आणि त्याहून लहान फाइल करणारा वॉफ २ मार्च २०१८ मध्ये.

इथेच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. १९९८ चा नियम आणि आजचा नियम, नाव तेच, काम तेच: पानासोबत फॉन्ट पाठवणं. पहिल्या जन्मात त्याने मराठी मजकूर झाकून टाकला, दुसऱ्या जन्मात तो खुलवला. फरक सीएसएसमध्ये पडला नाही, फरक पडला खालच्या मजकुरात. खाली युनिकोड आल्यावर फॉन्ट खरोखरच कपडा झाला. आज पानाला मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ लावा, ‘बालू’ लावा, नाहीतर जाडी आणि रुंदी हवी तशी बदलता येणारा ‘अनेक’ लावा. काढून टाकला तरी ‘दुष्काळ’ हा ‘दुष्काळ’च राहतो.

म्हणून कुठलंही नवं ब्राउझर फीचर आलं की ‘हे आधुनिक आहे का’ हा माझा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न असा: हे काढलं तर काय उरतं?

आजची फीचर्स आणि आपली शिरोरेषा

मग आता सगळं ठीक आहे का? बऱ्यापैकी. पण सीएसएस रोमन लिपीच्या घरात वाढलेलं आहे, त्यामुळे आपल्याला काही गोष्टी स्वतः बघाव्या लागतात. संशोधनासाठी ब्लॉग, प्रकल्पाचं संकेतस्थळ किंवा डिजिटल संग्रह बनवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, लेटर-स्पेसिंग. इंग्रजी साच्यांमध्ये शीर्षकाच्या अक्षरांत थोडी मोकळी जागा सोडायची पद्धत आहे. तोच साचा मराठीला लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटलेल्या मण्यांसारखा दिसतो. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा.

दुसरी, ओळीची उंची. ‘र्कै’ला वर आणि ‘द्धृ’ला खाली जागा लागते. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात रफार कापला जातो, हे तुम्ही पाहिलं असेल.

तिसरी, तिरका ठसा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत इटॅलिक नसतो. ब्राउझर मग सरळ अक्षरं ढकलून तिरकी करतो. ‘फॉन्ट-सिंथेसिस’ या गुणधर्माने हे थांबवता येतं.

चौथी गोष्ट जास्त महत्त्वाची: भाषा सांगणं. १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून पानाला ‘लँग’ हे लेबल लावता येतं. मराठीसाठी त्याची किंमत ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’. लिपी एक आहे, मग लेबल कशाला? कारण अक्षरं एक नाहीत. आपण पाटीवर गिरवला तो ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे. राज्य शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना क्रमांक एकच, कारण अक्षर एकच आहे, रूप वेगळं आहे. रूप कोणतं, हे ‘लँग’ बघून ठरतं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पान मराठी आहे असं सांगितलं की आपलं वळण निघतं. टायरो टाइपवर्क्सने तर देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच दिले आहेत.

याच लेबलवरून स्क्रीन रीडर कोणत्या आवाजात वाचायचं ते ठरवतो. दृष्टिहीन वाचकाला तुमचं मराठी पान हिंदी उच्चारात ऐकावं लागणं, हे एका शब्दाने टळतं. हे लेबल १९९७ पासूनचं आहे आणि अजूनही कितीतरी मराठी पानांवर ते नसतं.

पाचवी गोष्ट, ‘अक्षर’ म्हणजे काय? परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायला सीएसएसमध्ये ‘फर्स्ट-लेटर’ आहे. परिच्छेद ‘स्त्री’ने सुरू झाला तर पहिलं अक्षर कोणतं? आपल्याला विचाराल तर अख्खं ‘स्त्री’. यंत्राच्या जुन्या नियमाप्रमाणे फक्त ‘स्’. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये हा नियम सुधारला आणि देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरली जाऊ लागली. म्हणजे आपल्या पहिलीच्या मुलाला जे कळतं ते प्रमाणात यायला १९९१ पासून ३२ वर्षं लागली. शब्दातली अक्षरं मोजणारा कोणताही प्रोग्रॅम वापरताना तो कोणत्या नियमाने मोजतो, हे म्हणूनच विचारायचं.

तुमच्या प्रबंधासाठी यातून काय घ्यायचं?

एक: सर्च करण्याआधी सर्चची परीक्षा घ्या. फाइलमधला डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द घ्या आणि तोच सर्च करा. नाही सापडला तर ती फाइल सर्चसाठी आंधळी आहे. तिच्यातल्या शून्य निकालाला काही अर्थ नाही. जुन्या प्रबंधांत हे सर्रास आढळतं, कारण ते टायपिंग सेंटरवर जुन्या फॉन्टमध्येच टाइप झाले. युनिकोडमधून बनलेल्या पीडीएफमध्येही वेलांट्यांची जागा कधीकधी हलते, तेव्हा तिथेही ही परीक्षा घ्याच.

दोन: मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलला तर मूळ फाइल जपून ठेवा आणि कोणता कन्व्हर्टर कधी वापरला हे लिहून ठेवा. काना आणि दांडी यांचा गोंधळ वर सांगितलाच आहे. कन्व्हर्टर चुकला तर शब्दसंख्येपासून सगळं चुकतं.

तीन: युनिकोडमध्येही एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि अजूनही बरेच जण तसंच करतात. यंत्रासाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही रूपं शोधा.

चार: नावं बदलतात, तीही लक्षात घ्या. आपल्या शहरासाठी ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘औरंगाबाद’ दोन्ही शोधावं लागतं. आपल्या विद्यापीठाचं नाव १९९४ पर्यंत ‘मराठवाडा विद्यापीठ’ होतं. ही तांत्रिक अडचण नाही, पण निकाल तसाच शून्य येतो.

पाच: स्वतःचा प्रबंध युनिकोडमध्ये लिहा. टायपिंग सेंटरवाले काका म्हणतील, ‘सर, श्रीलिपीत अक्षर छान येतं.’ अक्षर छान येत असेलही. पण वीस वर्षांनी कोणीतरी तुमचा विषय शोधेल, तेव्हा तुमचं नाव त्याच्या यादीत यायला हवं की नको?

रूममेटचं काय झालं?

त्याने ते वाक्य खोडलं. ‘आढळत नाही’ लिहिणं किती सोपं असतं आणि किती धोक्याचं, यावर आम्ही रात्री चहा घेत बराच वेळ बोललो. मग आम्ही त्याच्या शंभर फाइलींची वर सांगितलेली परीक्षा घेतली. ज्या फाइली नापास झाल्या त्यांची वेगळी यादी केली. त्या यादीतले प्रबंध आता तो रोज दुपारी ग्रंथालयात बसून, अनुक्रमणिकेपासून, डोळ्यांनी वाचतो. कंटाळवाणं काम आहे. पण सिनॉप्सिसमध्ये आता त्याने कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले आणि कोणत्या फाइली सर्चला दाद देत नव्हत्या हे सगळं लिहिलंय. गाइडनी यावेळी कपाट उघडलं नाही. एवढंच म्हणाले, ‘हां, आता पुढचं बोलू.’

तुमच्याकडच्या फाइलींची परीक्षा आज रात्रीच घेऊन बघा. एक शब्द, एक सर्च, दोन मिनिटं. काय निघालं ते मला नक्की कळवा. पुढच्या लेखात जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कोणत्या चुका होतात आणि त्या तपासायच्या कशा, ते उदाहरणं घेऊन बघू.

तोपर्यंत, वाचत राहा. आणि ‘आढळत नाही’ लिहिण्याआधी एकदा कपाट उघडून बघा!